खंडेनवमीचं दीड लिटर

कोल्हार, ४ ऑगस्ट २०२५

गोरक्ष,

फोन केला असता तर तू तो हातात धरून नुसता बघत बसला असतास. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुझं एकच उत्तर येतं, "बघू बाई." फोर्जिंगच्या कारखान्यात बारा वर्षं घणाशेजारी उभा राहून कान घालवलेस, ते काही परत येत नाहीत. पण हात शाबूत आहेत आणि सातवीत तुला पत्र लिहायला मी शिकवलं आहे. तेव्हा कागद घे आणि मला सविस्तर उत्तर लिही.

माझी गाडी बिघडली आहे. सकाळी थंड असते तेव्हा शहाण्यासारखी चालते. दहा-बारा किलोमीटर झाले, चौकात थांबले आणि पुन्हा निघायला गेले की थरथरते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मग एकदम झटका देऊन पुढे उडी मारते. परवा लोणीच्या चौकात मागे उसाच्या रोपांचा टेम्पो उभा होता. त्या माणसाने मला काय काय म्हटलं ते मी लिहिणार नाही.

नगरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या साहेबांनी संगणक लावला, दहा मिनिटांत "गिअरबॉक्स गेला" म्हणाले आणि मला नव्या गाड्यांची रंगीत पुस्तकं दाखवायला लागले. अवधूतला हे कळल्यापासून तो पुण्याहून रोज फोन करतो. आई, गाडी भंगारात दे, पासष्टी आली, आता इकडेच ये. माझा मुलगा वाईट नाही, पण त्याला वाटतं की गाडी गेली की आई आपोआप पुण्याला येईल. त्याचा हिशेब बरोबर आहे, हीच माझी अडचण आहे.

माझा डावा पाय तू शाळेत असल्यापासून पाहतोयस. पोलिओने गेलेल्या पायाने क्लच दाबता येत नाही. ही ऑटोमॅटिक आहे, उजव्या पायावर चालते, म्हणून पंधरा वर्षं मी कुणाच्या तोंडाकडे न बघता हिंडले. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू होतील, प्रवरेच्या काठाला ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडतील, आणि त्यांची पोरं दिवसभर फडात उसाचे शेंडे, वाढे गोळा करत बसतील. गेली चार वर्षं मी त्यांना तिथे जाऊन शिकवते. त्या वाटेला एसटी नाही आणि रिक्षावाले उतरत नाहीत.

तू लगेच धावत येऊ नकोस. आधी काय झालं असेल ते कळव. कोप्या पडायच्या आत मला गाडी हवी आहे. हवी म्हणजे हवी.

यामिनीबाई

*

नागापूर, ९ ऑगस्ट

बाई, नमस्कार.

पत्र काल मिळालं. पोस्टमन दारातून हाका मारत होता म्हणे. मी गाडीखाली होतो. शेवटी त्याने माझ्या बुटाला हात लावला.

त्या साहेबांचा स्कॅनर खोटं सांगत नसेल. पण स्कॅनर एक आकडा दाखवतो, तो आकडा का आला हे माणसाला शोधावं लागतं. तुमच्या गाडीत नेहमीसारखे दातेरी गिअर नाहीत. दोन पुल्या आहेत आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा आहे. पट्टा पुलीला घट्ट धरून राहतो तो तेलाच्या दाबाने. तेल बिघडलं, कमी झालं किंवा दाब पडला, की पट्टा घसरतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो घसरतोय. का घसरतोय ते मला बघायचं आहे.

तुम्ही एवढं करा. गाडी थंड असताना ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'एन'वरून 'डी'वर टाका आणि गाडीने ओढ घेईपर्यंत मनात आकडे मोजा. तापल्यावर पुन्हा मोजा. चढावर वेगात असतानाही घसरते का ते बघा. लिव्हरवर तळहात ठेवा आणि हाताला काय लागतं ते लिहा. आवाज लिहू नका, आवाजाचा मला उपयोग नाही. शेवटचं, गिअरबॉक्सच्या तेलाची काडी बाहेर काढून पांढऱ्या सुती रुमालावर दोन थेंब पाडा. रुमाल सावलीत एक दिवस पसरून ठेवा, मग प्लास्टिकमध्ये घालून रजिस्टरने पाठवा.

लोक म्हणतात बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कशी न्यायची, त्याला इंजिन ऐकू येत नाही. म्हणू द्या. गाडी विकायची घाई करू नका.

गोरक्ष

*

कोल्हार, १६ ऑगस्ट

गोरक्ष,

अक्षर अजून तसंच आहे, पण मजकूर चांगला आहे. दहापैकी आठ.

घे तुझा प्रयोग. थंड असताना दोन आकडे. बाभळेश्वरपर्यंत जाऊन आल्यावर सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ, आणि मग असा हिसका की माझी काठी मागच्या सीटवरून खाली पडली. पुलाच्या चढावर वेगातही घसरली. लिव्हरवर तळहात ठेवला तर जात्यावर डाळ भरडताना खुंट्याला लागते तशी खरखर लागली. निघताना जास्त, वेग आल्यावर कमी.

काडीपर्यंत वाकणं मला जमेना, म्हणून शेजारच्या ज्ञानेश्वरला बोलावलं. ज्ञानेश्वर तुला माहीत नसेल. चार एकर ऊस, एक ट्रॅक्टर, आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचा हा बिनपगारी डॉक्टर. मला काही हवं नको ते तो आणि त्याची बायको बनुबाई बघतात. दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गल्लीतली झाडून सगळी वाहनं तो धुतो, तेलपाणी बघतो. तुझ्याकडे पूजेला आणते ती माझी गाडीही त्याच्याच हातची धुतलेली असते. त्याने काडी काढली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "बाई, ह्ये जळाल्यालं हाय." तुझ्या शिक्क्याशिवाय मी मानणार नाही, म्हणून रुमाल सोबत आहे. माझ्या चांगल्या रुमालांपैकी आहे, हे लक्षात असू दे.

अवधूतने पुण्यात गिऱ्हाईक बघितलंय. त्याला मी सांगितलं, मेकॅनिकचं पत्र यायचं आहे. तो हसला. हसू दे. पण लवकर कळव.

यामिनीबाई

*

नागापूर, २४ ऑगस्ट

बाई,

रुमाल मिळाला. गाडीत चुकीचं तेल मिसळलं गेलं आहे. ह्या गाडीला तिचं वेगळं तेल लागतं. दुसरं घातलं की काही महिने कळत नाही, मग पट्टा घसरायला लागतो आणि घसरला की पुलीवर चरे पाडतो. आता नुसतं तेल बदलून भागेल असं मला वाटत नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि बहुतेक दुसरा बसवावा लागेल.

आजपासून गाडी बाहेर काढू नका, दुकानापर्यंतसुद्धा नाही.

तेल कुणी घातलं ते शोधत बसू नका. त्याने गाडी दुरुस्त होणार नाही.

गोरक्ष

*

कोल्हार, ३० ऑगस्ट

गोरक्ष,

शोधत बसू नका म्हणालास, पण शोधायला लागलंच नाही. ज्ञानेश्वरच्या ओसरीत ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा कायम उघडा पडलेला असतो. गेल्या दसऱ्याच्या आधी बॉनेट उघडून तो अर्धा तास आत डोकं घालून उभा होता, हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे. दुसरं कोण हात लावणार?

तू वर्गात होतास तेव्हाही मला राग आवरायचा नाही, हे तुला माहीत आहे. मंगळवारी तो ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. मी फाटकात उभी राहिले आणि विचारलं की माझ्या गाडीत तू कुठलं तेल ओतलंस. तो खाली उतरला. म्हणाला, "बाई, म्या काडी बघितली, पुसली न् परत ठिवली. तेलाला हात लावला न्हाई." मी म्हटलं, मग तेल काय आभाळातून पडलं? पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही. गल्लीतली चार माणसं उभी होती. तो पुन्हा ट्रॅक्टरवर चढला आणि गेला.

त्या दिवसापासून बनुबाई आमच्याकडे फिरकलेली नाही. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण ज्याच्या हलगर्जीपणाने माझे पाय गेले त्याला मी काय ओवाळू? पाय म्हणजे गाडीच.

आता पुढचं लिही. गिअरबॉक्स कुठून आणायचा, कधी उतरवायचा, गाडी न्यायला कधी येतोस?

यामिनीबाई

*

कोल्हार, १८ सप्टेंबर

गोरक्ष,

एकोणीस दिवस झाले, उत्तर नाही. आजारी आहेस का? तुझ्या वर्कशॉपशेजारच्या चहावाल्याला फोन लावला, तो म्हणाला तू रोज येतोस आणि कुणाशी बोलत नाहीस. तसा तू एरवीही बोलत नाहीस, म्हणून मला काही अंदाज येईना.

अवधूतने तारीख ठरवली आहे. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. सामान बांधून ठेव म्हणाला. तोपर्यंत गाडी चालू नसेल तर मी जाईन, असं माझ्या तोंडून निघून गेलं. शब्द दिला आहे, आणि मी शब्द फिरवत नाही. तेव्हा तू काय ठरवलं आहेस ते एका ओळीत तरी लिही.

यामिनीबाई

*

नागापूर, २२ सप्टेंबर

बाई,

तेल ज्ञानेश्वर यांनी घातलं नाही. मी घातलं.

रुमाल उघडला त्याच दिवशी मला कळलं होतं. मध्ये काळा डाग होता आणि भोवती लाल कडं पसरलं होतं. ट्रॅक्टरचं तेल मधाच्या रंगाचं असतं. लाल तेल माझ्याकडच्या पिंपात आहे, दातेरी गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांसाठी.

मागच्या खंडेनवमीला तुम्ही गाडी घेऊन नारळ फोडायला आलात. तुम्हाला चहा देऊन मी बाहेर बसवलं. मला तुमच्या गाडीचं गिअरबॉक्सचं तेल बदलून द्यायचं होतं, तुम्हाला न सांगता. माझ्याकडून तेवढंच. गाडी वर घेतली, जुनं तेल सोडलं, मग बघतो तर मी आणून ठेवलेलं तुमच्या गाडीचं तेल दीड लिटर कमी. दुकान सणाचं बंद. भटजी दारात येऊन उभे. आमच्याकडे पाने, हातोडे, जॅक सगळं पूजेला मांडतात, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. गाडी तशीच ठेवली असती तर तुम्ही दोन दिवस नागापुरात अडकला असता. मी पिंपातलं लाल तेल दीड लिटर घातलं, झाकण लावलं आणि पाना धुऊन चौरंगावर ठेवला.

चुकून झालं असं मी लिहिणार नाही. हे तेल चालत नाही हे मला माहीत होतं. दसरा झाला की बाईंना बोलावून बदलू असं मनात धरलं होतं. मग काम आलं, मग विसरलो, मग आठवलं तेव्हा वाटलं, एवढ्या दिवसांत काही झालं नाही, आता काय होणार.

त्यानंतर तुमचं ३० तारखेचं पत्र आलं. माझ्याऐवजी दुसऱ्या माणसाला गल्लीत बोलणी बसली. ते पत्र मी रोज काढून वाचत होतो आणि रोज परत ठेवत होतो. उत्तर लिहायला एवढे दिवस लागले त्याला दुसरं कारण नाही.

पुण्याला एक चांगले मेकॅनिक आहेत, त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. गाडी त्यांच्याकडे न्या. दुसरा गिअरबॉक्स मी शोधून त्यांच्याकडे पोचवीन. माझ्या हातात आता तुम्ही गाडी देऊ नये.

गोरक्ष

*

कोल्हार, २६ सप्टेंबर

गोरक्ष,

तुझं पत्र वाचलं आणि पहिला सगळा दिवस मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या. घरात ऐकायला कुणी नाही, ही एकटं राहण्याची सोय आहे.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तुला द्यायच्या त्या शिव्या संपल्या आहेत आणि उरलेल्या माझ्या वाट्याच्या आहेत. दीड लिटर तेल तू घातलंस. पण भर गल्लीत ज्ञानेश्वरवर आळ मी घेतला. तू तर शोधू नका म्हणालास. मी खिडकीतून अर्धा तास त्याची पाठ पाहिली होती, हात पाहिलेच नव्हते. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा. आणि स्वतः काय केलं?

काल संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत गेले. तो शेतावर होता. बनुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत निघून गेली. मी पाणी प्यायले, तांब्या ठेवला आणि परत आले. मला माफी मागता आली नाही, गोरक्ष. कुणाची मागायची सवयच नाही. शाळेत बाईंना कुणी मागायला लावत नाही ना.

आता गाडीचं. पुण्याचा पत्ता मी फाडून टाकला. गाडी त्या माणसाकडे नेणार नाही. दुसरा गिअरबॉक्स तू शोधायचास, तू उतरवायचास, तूच बसवायचास. गणित चुकलं म्हणून पाटी दुसऱ्या मुलाच्या हातात मी कधी दिलेली नाही. तू पुसून पुन्हा मांडायचं. मला तुझा राग आहे आणि तो पुढची दोन वर्षं तरी राहील, पण माझ्या गाडीच्या खाली तुझ्याशिवाय दुसरं कुणी झोपलेलं मला चालणार नाही.

एक अट आहे. या वर्षीची खंडेनवमी बुधवारी आहे. त्याच्या आधी गाडीला हात लावू नकोस. तुझी हत्यारं पूजेला बसू देत, दसरा होऊ दे, मग ये. यंदा चौरंगाची घाई तुझ्या मागे नको.

यामिनीबाई

*

नागापूर, १८ ऑक्टोबर

बाई,

दसऱ्यानंतरच्या शनिवारी गाडी न्यायला आलो तेव्हाचं तुम्ही पाहिलंच आहे. पाहिलं नाही ते लिहितो. तुमच्याकडे येण्याआधी मी टोइंगची गाडी पुलाजवळ उभी केली आणि ज्ञानेश्वर यांच्या शेतावर गेलो. ते पाणी भरत होते. मी बहिरा आहे हे सांगितलं, ते समोर उभे राहून सावकाश बोलले, ओठांवरून मला सगळं कळलं. मी दीड लिटरची गोष्ट सांगितली. त्यांनी फावड्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "तुमी आला, बरं केलं. पर आमाला ह्ये बाईंनी सांगाया पायजे." एवढंच. त्यानंतर पाय धुतले आणि माझ्याबरोबर आले. गाडी टोइंगवर चढवताना मागून रेटणारे तेच होते. तुम्ही तेव्हा आत किल्ली आणायला गेला होता.

गिअरबॉक्स उघडला. खालच्या ट्रेमध्ये चुंबक असतात, त्यांच्यावर बोटभर काळा गाळ होता. पुलीवर नखाला लागतील एवढे चरे. पट्टा गेलेला. दुरुस्तीसारखं काही उरलं नव्हतं, ते माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मगच दुसरा शोधायला निघालो.

पहिला मिळाला तो संभाजीनगर रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे. वरून धुऊन चकचकीत केलेला. मी ट्रे उघडायला लावला, तो उघडायला तयार नव्हता, मी उठून निघालो तेव्हा उघडला. आत तुमच्यासारखाच गाळ. सोडून दिला. दुसऱ्यासाठी आठ दिवस गेले. वैजनाथ म्हणून माझा जुना सोबती आहे, त्याच्या ओळखीत मागून ठोकलेली हीच गाडी निघाली. पुढचा भाग धड होता. ट्रे उघडला, चुंबकावर नुसती राखेसारखी भुकटी, पुल्या आरशासारख्या. नंबर जुळवला. तो आणला.

बसवताना एक जागा अवघड असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. तो आधी गिअरबॉक्सवर फिरवत फिरवत आत बसवावा लागतो. तीन टप्प्यांनी आत जातो आणि प्रत्येक टप्प्याला टक्क वाजतो. कान असलेले मेकॅनिक तीन आवाज मोजतात. डबा अर्धवट राहिला आणि तसेच बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. मला दोन धक्के हाताला लागले, तिसऱ्याची खात्री वाटेना. मी पोलादी पट्टी लावून खोली मोजली. नऊ मिलिमीटर कमी भरली. डबा बाहेर काढला, पुसला, पुन्हा फिरवला. परत कमी. जेवून आलो आणि तिसऱ्यांदा बसवला. या वेळी मनगटाला तिसरा धक्का लागला आणि पट्टीवर खोली पुरी आली. मग बोल्ट आवळले.

जुना गाळ नळ्यांत राहतो म्हणून तेल थंड करणाऱ्या नळ्याही सोडून धुतल्या. तुमच्या गाडीच्या तेलाचे सीलबंद डबे काम सुरू करायच्या आधीच बाकावर मांडून ठेवले होते. एक जास्तीचा आणला होता, तो शिल्लक आहे.

लाल तेलाचं पिंप मी रंगवून त्यावर ते ज्यांना चालतं त्या गाड्यांची नावं लिहिली आहेत.

गाडी मी कोल्हारला पोचवणार नाही. तुम्ही दिवाळी झाली की बसने या. विळदचा घाट आधी उतरायचा, खाली वळायचं आणि पुन्हा चढायचा. मी बाजूला बसेन. चालवायची तुम्ही.

गोरक्ष

*

कोल्हार, १० नोव्हेंबर

गोरक्ष,

घाटाचं मी लिहीत नाही. तू लिव्हरवर तळहात ठेवून डोळे मिटून बसला होतास आणि वर आल्यावर उघडलेस, तेव्हा मला कळलं की झालं. त्यानंतर मी तुला न सांगता आणखी एकदा खाली-वर केलं, त्याला कारण काही नव्हतं. हौस.

घरी आले ती सरळ ज्ञानेश्वरच्या दारासमोर थांबले. गल्लीत बोलले होते तर गल्लीतच मागायची, असं राहुरीपासून ठरवत आले होते. त्या वेळी हजर होती त्यांतली दोन माणसं ओट्यावर होतीच. ज्ञानेश्वर बाहेर आला. मी गाडीतून उतरले, काठीवर उभी राहिले आणि म्हटलं, "ज्ञानेश्वर, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. माझं चुकलं. मला माफ कर." तो म्हणाला, झालं ते झालं बाई. पण बनुबाई मागून पुढे आली. "झालं ते झालं कसं? दोन म्हयनं आमी ह्या गल्लीतनं खाली मान घालून चाललो." तिचं खरं होतं. मी पुन्हा माफी मागितली, या वेळी तिची. ती लगेच हसली वगैरे नाही. म्हणाली, आत या, उभ्यानं पाय दुखंल. मी आत गेले आणि तासभर बसले. पहिली पंधरा मिनिटं मला फार जड गेली. पण आता ती येते.

आता शनिवारचं सांगते. त्यासाठीच हे पत्र आहे.

अवधूत ठरल्याप्रमाणे मला न्यायला पुण्याहून बसने निघाला होता. मी त्याला घरी बसून वाट बघते असंच सांगितलं होतं, आणि नगरच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. बसमधून उतरला आणि मला बघून त्याचा चेहरा पडला. "आई, ही गाडी घेऊन तू इथवर आलीस?" मी म्हटलं, बस. त्याने पट्टा लावला, दरवाज्याची मूठ घट्ट धरली आणि दोन्ही पाय पुढे रोवले, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. एमआयडीसीपर्यंत तसाच बसला होता. सिग्नलला मी मुद्दाम थांबले आणि निघाले. थांबले आणि निघाले. घाट उतरताना तो पुण्याच्या घराबद्दल सांगत होता, माझी खोली कशी लावली आहे, खाली बाग आहे, लिफ्ट आहे. वांबोरी फाट्यापाशी त्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं. मी बघते तर झोपलेला.

आठवडाभर काम करून दमला असेल. पण गोरक्ष, पंधरा वर्षांत माझा मुलगा माझ्या शेजारी बसून कधी झोपलेला नाही. प्रत्येक वळणाला श्वास रोखून धरायचा. त्या दिवशी राहुरीच्या गर्दीत, खड्ड्यांत, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रांगेत, त्याची मान माझ्या बाजूला कलत गेली ती कललीच. गाडीने एकदाही हिसका दिला नाही. दिला असता तर तो जागा झाला असता. मला रडू आलं आणि रस्ता दिसेना, म्हणून एकदा बाजूला घेऊन डोळे पुसले. तरी उठला नाही.

कोल्हार आलं. माझी गल्ली डावीकडे राहिली, मी वळले नाही. शनिवार माझ्या शिकवण्याचा वार आहे. पुलावरून पुढे, मग नदीच्या बाजूला चाकोरीत उतरले, उसाच्या मधून हळूहळू फडापर्यंत नेली. कोप्या पडल्यात, पंचवीसेक असतील. गाडी थांबायच्या आत पोरं काचेला चिकटली आणि त्यांच्या गलक्याने अवधूत दचकून जागा झाला. बाहेर बघितलं, सगळीकडे ऊस आणि काचेवर नाकं.

"आई, कुठं आलो आपण?"

"माझ्या कामावर," मी म्हटलं. "उतर. मागच्या सीटवरून फळा काढ. माझ्या एका हातात काठी असते, मला एकटीला तो पेलत नाही."

यामिनीबाई